भावकीच्या जागी मंडळी

मराठी ख्रिस्ती समाज म्हटला की वाचकाच्या मनात वसईची जुनी चर्चे येतात, अहमदनगरचे अमेरिकन मिशन येते, केडगावचे मुक्ती मिशन येते, ना. वा. टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर येतातच. दर्यापूर कुणाच्या मनात येत नाही. अमरावती जिल्ह्यातले, चंद्रभागेच्या काठचे हे तालुक्याचे गाव ओळखले जाते ते खारपाणपट्ट्यासाठी, कापसा-तुरीसाठी आणि मूर्तिजापूरहून अचलपूरला एकेकाळी धावणाऱ्या ‘शकुंतला’ रेल्वेच्या अरुंद रुळांसाठी. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. त्यातून मुंबई, ठाणे, वसई, पुणे, नगर वजा केले की वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावाच्या वाट्याला मोजकीच घरे येतात, आणि तीही बहुधा एका आळीत नसतात. एक घर शिक्षकाचे, एक एसटीतून निवृत्त झालेल्याचे, एक परिचारिकेचे, एक रोजमजुरीवर जाणाऱ्या बाईचे. सण आला तर शेजारी फराळाचे ताट आणून देतात, मयतीला खांदाही देतात. पण ज्याला आपण धर्माची सोबत म्हणतो ती शेजारात नसते.

या अंकासाठी संपादकांनी ‘सोबत’ हा विषय ठरवला, तेव्हा अशा विरळ वस्तीकडे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटले. समाज दाट असतो तिथे सोबत आपोआप मिळते; चर्चची घंटा, सणाची मिरवणूक, नात्यातली लग्ने यांतून माणूस न मागता आपल्या लोकांत राहतो. विरळ वस्तीत सोबत मिळवावी लागते, आणि ती कशी मिळवली जाते हे तिथेच उघडपणे दिसते. साधारण समजूत अशी, की अशा समाजाला रविवारची उपासना आणि दगडी देऊळ टिकवून धरते. मला तसे वाटत नाही. रविवार हा त्याचा दिसणारा भाग. टिकवून धरते ती घरातली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी कुणाच्या तरी ओसरीवर भरणारी छोटी सभा. ही प्रार्थना खासगी आध्यात्मिक साधना म्हणून समजून घेऊ गेले तर तिचा अर्धा अर्थ हातातून निसटतो. ज्यांना रक्ताची आणि गावची नाती तुटकी मिळाली, त्यांनी रोज थोडी थोडी मेहनत करून उभी केलेली ती नाती आहेत.

दुष्काळाने दिलेले नातेवाईक

वऱ्हाडात प्रोटेस्टंट मिशनांनी आपापले पट्टे वाटून घेतले होते. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, मेळघाटच्या पायथ्याशी कोरकू मिशन. आणि अकोला, खामगाव, मूर्तिजापूर, अमरावती हा मधला पट्टा ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चा. दर्यापूर याच मधल्या पट्ट्यात येते. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत त्या मानाने नवा, १९५५ साली नागपुरातून वेगळा काढलेला. यातले अलायन्स हे प्रकरण जरा निराळे आहे. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या ए. बी. सिम्प्सन या मूळच्या कॅनेडियन पाळकाने १८८७ साली दोन संस्था काढल्या. एक परदेशातल्या कामासाठी, आणि दुसरी निरनिराळ्या पंथांतल्या लोकांनी आपापले चर्च न सोडता एकत्र येऊन प्रार्थना करावी यासाठी. दहा वर्षांनी दोन्ही एक झाल्या. म्हणजे वऱ्हाडात जे आले ते पंथ म्हणून जन्मलेले नव्हते. ती एक संगती होती. अमेरिकेत तिने स्वतःला रीतसर पंथ म्हणवून घेतले ते थेट १९७४ साली. अकोल्याच्या कामाचा पाया घालणारे मार्कस आणि जेनी फुलर हे जोडपेही सिम्प्सनच्या संस्थेचे म्हणून आलेले नव्हते. ते आधीपासून इथे स्वतंत्रपणे काम करीत होते आणि नंतर अलायन्समध्ये सामील झाले. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचे जेनी फुलर यांचे पुस्तक १९०० सालचे.

त्याच वर्षी वऱ्हाडात माणसे मरत होती. १८९६-९७चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९००चा आला, आणि तो वऱ्हाडला अधिक लागला. एरवी कापसाच्या पैशामुळे सुखवस्तू गणला जाणारा हा मुलूख त्या साली उजाड झाला. मिशनांनी अनाथाश्रम उघडले. मुलांची सोय अकोल्यात, मुलींची खामगावात झाली. मिशनच्या इतिहासात या गोष्टी अभिमानाने लिहिलेल्या आहेत, टीकाकारांच्या लेखनात ‘पोटासाठी धर्म’ म्हणून हिणवलेल्या आहेत. दोघांच्याही नजरेतून एक साधी गोष्ट सुटते. आठ वर्षांचे पोर दुष्काळातून वाचले, म्हणजे त्याचे फक्त आईबाप गेले असे नव्हे. त्याची भावकी गेली. वऱ्हाडात भावकी म्हणजे लग्नात कोण बसणार, भांडण कोण मिटवणार, बाळंतिणीला कोण पाहणार, मढे कोण उचलणार, या सगळ्याची आधीच ठरलेली व्यवस्था. जे कुटुंबासह ख्रिस्ती झाले त्यांच्यातल्याही अनेकांशी भावकीने व्यवहार तोडले. या अनाथ मुलामुलींपैकी अनेकांची पुढे आपसांत लग्ने लागली, त्यांचे संसार वेगवेगळ्या मिशन-स्टेशनांवर मांडले गेले, आणि ज्या घराला ना सासर ना माहेर अशा घरांची एक पिढी तयार झाली.

या घरांना जमीन नव्हती, गोत नव्हते, कुलदैवत सोडलेले होते. त्यांच्याजवळ होते ते एक पुस्तक, गीतांची एक वही आणि ठरलेली वेळ. अनाथाश्रमातली सकाळ-संध्याकाळची उपासना ही मुलांना शिस्त लावण्यासाठी होती हे खरे. पण तिथून बाहेर पडून संसार मांडल्यावरही ती सुटली नाही, याचे कारण शिस्त हे नव्हे. मिशनरी शंभर कोस दूर असतानाही ज्यांनी ती चालवली, त्यांना तिच्यात दुसरे काही मिळत असले पाहिजे. प्रार्थनेत ज्यांची नावे घ्यायची ते त्यांचे नातेवाईक झाले होते.

बुधवारी ओसरीवर

सभेचा बुधवार हा दिवस काही शास्त्राने सांगितलेला नाही. कुठे तो शुक्रवार असतो, कुठे मंगळवार. बाजाराचा दिवस तेवढा टाळायचा. वेळ दिवेलागणीनंतरची, आणि ती ऋतूप्रमाणे सरकते. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की बाया उशिरा परततात, मग भाकरी टाकून, लेकरांना जेवू घालून निघेपर्यंत आठ वाजतात. उन्हाळ्यात अंगणात बसता येते. ज्याच्या घरी सभा त्याने चटई अंथरायची आणि शेवटी चहा द्यायचा, एवढाच खर्च. कुणी जास्त करू लागले तर वडीलमंडळी थांबवतात, कारण एकाने पोहे केले की दुसऱ्या गरिबाला आपल्या घरी सभा ठेवायला लाज वाटते. हा नियम लेखी कुठे नाही, पण सभा टिकण्याचे अर्धे गुपित त्यात आहे.

क्रम ठरलेला असतो. आधी गीत, बहुधा ‘उपासना संगीत’मधले, पेटी असली तर पेटीवर, नाहीतर नुसत्या टाळ-खंजिरीवर. मग पवित्र शास्त्रातला एक उतारा, तो वाचण्याची पाळी बरेचदा घरातल्या शाळकरी मुलाची. पाळक असले तर दहा मिनिटे बोलतात, नसले तर कुणीतरी वडील चार वाक्ये सांगतात. वरवर पाहणाऱ्याला सभा म्हणजे हेच वाटेल. खरी सभा त्यानंतर सुरू होते, जेव्हा ‘विनंत्या सांगा’ असे म्हटले जाते. एकीच्या सासऱ्याचे डायलिसिस, एकाचा पीककर्जाचा अर्ज, कुणाची बारावीची परीक्षा, कुणाच्या मुलीला आलेले स्थळ, कुणाचा दारू सुटत नसलेला भाऊ. प्रत्येक विनंती एकेक जण वाटून घेतो, आणि ज्याने ती घेतली त्याने त्या माणसाचे नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची, आणि चहा.

या वाटपात जी युक्ती आहे ती आपण नीट पाहिली पाहिजे. स्वतःच्या दुःखासाठी मी स्वतः प्रार्थना करीत नाही, दुसरा करतो. त्यासाठी त्याला माझे म्हणणे लक्ष देऊन ऐकावे लागते, नाहीतर चारचौघांत प्रार्थनेत चूक होईल. आठवडाभर रोजच्या प्रार्थनेत ते नाव त्याने घ्यायचे असते, त्यामुळे पुढच्या बुधवारी ‘मग, काय झालं कर्जाचं?’ हे विचारणे त्याला भाग पडते. चांगले झाले असेल तर साक्ष, नसेल तर विनंती पुढे चालू. रोजची एकांतातली प्रार्थना आणि आठवड्याची संगती इथे एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत, की एक सुटली तर दुसरी मोकळी पडते. संगती नसेल तर रोजच्या प्रार्थनेला नावे मिळत नाहीत, ती हळूहळू ‘माझे, मला, माझ्या घराला’ इतकी आक्रसते. रोजची प्रार्थना नसेल तर बुधवारची सभा म्हणजे चहापाणी आणि चौकशा.

घरातली प्रार्थना याहून साधी. संध्याकाळी जेवणाआधी किंवा झोपण्याआधी एक अध्याय वाचायचा, एक गीत, आणि घरातल्या एकाने प्रार्थना करायची. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात ते संपतात, हा हिशेब कित्येक घरांत आजीला तोंडपाठ असतो. कॅथलिक घरांत हीच जागा जपमाळेची, विशेषतः ऑक्टोबर महिन्यात. सकाळची प्रार्थना मजुरीवर जाणाऱ्या घरात दोन मिनिटांची असते, शिक्षकाच्या घरात पंधरा मिनिटांची. या फरकावरून श्रद्धेची उंची मोजण्याचा मोह काही पाळकांना होतो, तो त्यांनी आवरावा.

पेनीचा हिशेब आणि केडगावच्या मुली

हे वऱ्हाडचे वैशिष्ट्य आहे असा दावा मी करणार नाही. ख्रिस्ती परंपरेत ही जोडी पहिल्यापासून आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, वर्णन करताना शिक्षण, संगती, भाकरी मोडणे आणि प्रार्थना ही चार कामे एकाच दमात सांगितली आहेत. ‘डिडाखे’ या फार जुन्या ग्रंथात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. पुढे मठवासीयांनी दिवसाचे प्रहर प्रार्थनेने बांधले, आणि इंग्लंडमध्ये १५४९च्या प्रार्थनापुस्तकाने ते प्रहर सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळांवर आणून प्रपंची माणसांच्या आवाक्यात ठेवले. जर्मनीत हेर्नहूट या खेड्यातल्या निर्वासित मोरेव्हियन लोकांनी १७२७ साली ताशी पाळ्या लावून अखंड प्रार्थना सुरू केली, ती पुढे शंभर वर्षे चालली असे सांगतात. हे लोक छळामुळे घरदार सोडून आलेले होते, भांडकुदळही होते. पाळ्यांची प्रार्थना लागली ती त्या भांडणांच्या वर्षातच.

पण दर्यापूरच्या ओसरीशी सगळ्यांत जवळचे नाते आहे ते मेथडिस्टांच्या जॉन वेस्लीच्या ‘क्लास’ सभांचे. १७४२ साली ब्रिस्टलच्या मेथडिस्टांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडायला प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले; बारा-बारा जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने घरोघर जाऊन पेनी गोळा करावी असे सांगितले. ज्यांना पेनी जमत नव्हती त्यांची भर प्रमुखानेच घालायची. पेनी गोळा करता करता प्रमुखांना कळू लागले की अमक्याच्या घरी भांडण आहे, तमका दारू पितो, तिसऱ्याच्या चुलीवर काही शिजलेले नाही. वेस्लीने ताबडतोब ओळखले की पेनीपेक्षा ही माहिती मोलाची आहे. कर्ज फिटले, गट राहिले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या महिला बचत गटात बसलेल्या बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको: दर आठवड्याला थोडे पैसे, ठरलेली हजेरी, आणि त्यातून एकमेकींच्या घरातले सगळे आपोआप ठाऊक होणे.

आणि केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जूनअखेर जे आत्मिक जागरण झाले त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यातल्या अद्भुत प्रसंगांवर तर फारच. त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल कुणी फारसे बोलत नाही. जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांना बोलावले, तेव्हा सत्तरच्या आसपास जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली, आणि त्या रोज दोन वेळा जमत होत्या. या मुली कोण? बऱ्याचशा दुष्काळातून वाचवून आणलेल्या, काही बालविधवा, काही टाकून दिलेल्या. गुजरातची, मध्य प्रांताची, मराठी मुलखाची, वेगवेगळ्या जातींची आणि बोलींची पोरे एका छपराखाली. एकमेकींची नावे घेऊन केलेली रोजची प्रार्थना हीच त्यांची एकमेकींना बहीण म्हणण्याची रीत होती. जून महिन्यात जे झाले त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. त्याच्या मागे सहा महिन्यांचा हा रोजचा खटाटोप होता, हे मात्र कुणालाही मान्य व्हावे.

दार लावून घेण्याची आज्ञा

पहिला आक्षेप बाहेरच्याचा नाही, खुद्द येशूचाच आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो की लोकांना दिसावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांसारखे होऊ नका. खोलीत जा, दार लावून घ्या. मग ओसरीवर, दार उघडे टाकून, मोठ्याने केलेली प्रार्थना हा त्या आज्ञेचा भंग नाही का? त्याच अध्यायात पुढच्या काही ओळींत तो जी प्रार्थना शिकवतो ती मात्र एकट्याची नाही: भाकर मागायची ती सगळ्यांसाठी, क्षमा मागायची तीही सगळ्यांसाठी. दार लावायला सांगितले आहे ते दिखाऊपणावर, सोबतीवर नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोन्हॉफर यांनी नाझी राजवटीत फिंकेनवाल्डे इथे पाळकांचे गुप्त प्रशिक्षण चालवले. १९३७ साली गेस्टापोने ते बंद पाडल्यावर त्या सहजीवनावर त्यांनी १९३८ साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या सामूहिक प्रार्थनेइतकाच जोर एकांतावर दिला आहे. ज्याला एकटे राहता येत नाही तो सोबतीचा केवळ आधार शोधतो, आणि ज्याला सोबत नको तो एकांतात स्वतःलाच देव करून बसतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. वऱ्हाडातल्या एखाद्या वडीलमाणसाने बोन्हॉफरचे नाव ऐकलेलेही नसेल. पण आठवडाभर घरी ज्याने नाव घेतले नाही त्याची बुधवारची प्रार्थना लगेच ओळखू येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. ती लांबते आणि तिच्यात शब्द फार येतात.

विनंत्यांच्या नावाखाली घरोघरच्या भानगडी चव्हाट्यावर येतात, हा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो खरा आहे. ‘अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करू या, तुम्हाला माहीतच आहे...’ या वाक्याने किती घरे दुखावली गेली असतील. भावकीच्या जागी मंडळी आली म्हणजे भावकीचे दोषही आले: गट पडतात, कोण वडील व्हावे यावरून निवडणुका रंगतात, मिशनच्या कंपाउंडच्या जागेवरून कोर्टकचेऱ्या होतात, आणि जे दोन गट रविवारी एका बाकावर बसत नाहीत त्यांच्या बुधवारच्या सभाही वेगळ्या होतात. जातीचेही तेच. संगतीच्या गोष्टी बोलणाऱ्या मंडळीत लग्ने जुळवताना मूळची जात हळूच विचारली जाते, हे कुणी नाकारू नये. मला यातून प्रार्थनासभा निकामी आहे असे दिसत नाही. ती नात्यांचे खरे काम करते आहे, म्हणूनच नात्यांची घाण तिच्यात साचते, एवढेच दिसते. जिथे कुणाचे कुणाशी काही देणेघेणे नसते अशा शहरी चर्चमध्ये भांडणे कमी असतात. ते भूषण नव्हे.

तिसरा आक्षेप: प्रार्थना ही कृतीची पळवाट होते. अलायन्सच्या शिकवणीच्या चार खांबांत येशू हा आरोग्य देणारा हाही एक खांब आहे, त्यामुळे आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करणे इथे मुळापासून चालत आलेले. त्याचा अतिरेक करून औषध सोडायला लावणारे फिरते उपदेशक अधूनमधून उगवतात, आणि त्यांच्याबद्दल बोटचेपेपणा करण्याचे कारण नाही. मधुमेह्याची गोळी बंद करायला सांगणारा माणूस, त्याच्या हातात बायबल असो की लिंबू, सारखाच धोकादायक. पण याच मुलखातल्या ख्रिस्ती लोकांनी दवाखान्याला कधी प्रार्थनेचा शत्रू मानले नाही. परतवाड्याजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय, वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल, यवतमाळ जिल्ह्यातले उमरीचे रुग्णालय ही त्याच परंपरेची फळे आहेत. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने करून पुढे मलमपट्टीला लागणे हा तिथला पायंडा. आणि ओसरीवरचे बोलायचे तर, डायलिसिसची विनंती ज्याने घेतली त्यालाच बहुधा पुढच्या खेपेला रुग्णासोबत अमरावतीला जावे लागते. नाव घेतले की गळ्यात पडते.

चौथी शंका अलीकडे फार बोलली जाते: घरातल्या प्रार्थनासभा म्हणजे धर्मांतराचे अड्डे. संविधानाच्या २५व्या कलमाचा दाखला देऊन हा विषय मिटवता येईल, पण शंका घेणाऱ्या शेजाऱ्याला कलमाने समाधान होत नाही. त्याने वऱ्हाडाकडेच पाहावे. घरात किंवा चौकात ठरलेल्या वेळी जमून प्रार्थना करणे ही इथे परकी गोष्ट कधी नव्हती. अमरावती जिल्ह्यातच, मोझरीच्या गुरुकुंजातून, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे सकाळचे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना खेडोपाडी रुजवली. ‘ग्रामगीते’त सामुदायिक प्रार्थनेवर स्वतंत्र अध्याय आहे. रिद्धपूर ही महानुभावांची काशी याच जिल्ह्यात, आणि रोजचे नामस्मरण हा त्या पंथाचा प्राण. हरिपाठ तर संध्याकाळी कुठल्याही गावात ऐकू येतो. ज्या शेजाऱ्याने आयुष्यभर या सगळ्यांच्या मध्ये राहून ओसरीवरची ख्रिस्ती गीते ऐकली, त्याला त्यात गुपित काही वाटले नव्हते. आतापर्यंत वाटले नव्हते तर आताच का वाटावे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला पाहिजे. उलट बाजूने ख्रिस्ती मंडळींनीही एक मान्य करावे: आजारपणात मदतीला आलेल्या शेजाऱ्याला ‘आता तुम्हीही या’ म्हणण्याची घाई काहींना असते, आणि त्या घाईने वर्षानुवर्षांचा शेजार नासतो. ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ नावाची संगती काढली तेव्हा तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली होती. मिशनने त्यावर नाके मुरडली. त्या दरबाराचे पुढे फारसे काही झाले नाही, टिळक दोनच वर्षांत गेले. पण संगतीला भिंत कुठे असावी हा त्यांचा प्रश्न अजून जागच्या जागी आहे.

कुलूप लागले तेव्हा

माझ्या म्हणण्याला एक अनायासे झालेली परीक्षा आहे. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातली सगळी प्रार्थनास्थळे बंद झाली. ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप लागले, ते ७ ऑक्टोबर २०२१पर्यंत. २०२०चा ईस्टर लोकांनी घरात केला. रविवार आणि इमारत हाच जर समाजाचा कणा असता, तर या सुमारे चौदा महिन्यांत विरळ वस्तीच्या मंडळ्या विखरून जायला हव्या होत्या. मोठ्या शहरांतल्या चर्चनी पडद्यावर उपासना दाखवल्या, त्या पाहिल्याही गेल्या. पण पाहणे आणि सोबत असणे यांतला फरक लवकरच लोकांच्या ध्यानात आला. छोट्या गावात ज्या घरांत संध्याकाळचा अध्याय आणि नावांची यादी चालू होती, त्यांचे फारसे अडले नाही. यादी फोनवर आली. ऑक्सिजनची खाट कुठे आहे, कुणाच्या घरी डबा पोचवायचा, मयत कुणी उचलायची, हे त्याच यादीतून ठरत गेले. आणि ज्या घरांची प्रार्थना रविवारपुरतीच उरली होती, त्यांना परत बाकावर आणायला पाळकांना पुढे फार खटपट करावी लागली.

फोनची ही यादी मात्र आता एक नवी अडचण होऊन बसली आहे. गटावर विनंती टाकली की खाली जोडलेल्या हातांची वीस चित्रे येतात, आणि विनंती टाकणाऱ्यालाही कळते की वीस जणांनी हात जोडले, नाव एकानेही घेतलेले नाही. काही मंडळ्यांत आता नियम केला आहे की चित्र पाठवायचे नाही; ज्याला प्रार्थना करायची त्याने आवाजात करून पाठवावी किंवा सरळ फोन करावा. तरुण पोरे पुण्याला गेली, काही आखाती देशांत नर्सिंगला गेली; त्यांच्यासाठी हा आवाज म्हणजे ओसरीवरची जागा राखून ठेवण्यासारखे आहे. ओसरीवर मात्र आता बहुतेक बायाच असतात. खरे म्हणजे पहिल्यापासून त्याच होत्या. मिशनच्या काळात घरोघर फिरून वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया, नंतर महिला मंडळ. वडीलमंडळींच्या पाटीवर पुरुषांची नावे आणि बुधवारच्या चटईवर बाया, ही विभागणी अनेक मंडळ्यांत कायम आहे, आणि तिच्याबद्दल मंडळीत मोठ्याने कुणी बोलत नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया जागतिक प्रार्थना दिन पाळतात. दरवर्षी एका वेगळ्या देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात, आणि ती मराठीत येऊन वऱ्हाडातल्या मंडळ्यांतही म्हटली जाते. इथे तेव्हा गहू-हरभऱ्याची सोंगणी ऐन रंगात असते. शहरातून आलेल्या पत्रकावर सकाळची अकराची वेळ असली, तरी तालुक्याच्या गावची महिला मंडळे ती बहुधा संध्याकाळवर ढकलतात, म्हणजे मजुरीचा रोज पाडून यावे लागत नाही.